तिसरी खूण

माझ्या बरगड्यांमध्ये दुर्बीण घातलेली असताना मी विनोद केला, आणि वर स्वतःच हसलो. नको तिथे विनोद करायची खोड मला जुनीच आहे. साहेबांच्या निरोप समारंभात केला होता, सासऱ्यांच्या आजारपणात केला होता, आणि दोन्ही वेळा नंतर बरेच महिने तोंड लपवून हिंडलो होतो. पण तेव्हा निदान माझ्या छातीला भोक पाडलेलं नव्हतं.

त्याचं असं झालं. तीस वर्षं सिगरेटी ओढल्यावर जे व्हायचं ते झालं आणि माझ्या उजव्या फुफ्फुसाभोवती पाणी साचलं. ते का साचतंय हे आत डोकावून बघायला हवं होतं. पण पूर्ण भूल द्यायची तर माझी फुफ्फुसं त्या लायकीची उरली नव्हती. "झोपवता येईल," छातीचे डॉक्टर म्हणाले, "उठवायची हमी नाही." आमच्या हिने ताबडतोब जागेपणीच्या ऑपरेशनच्या बाजूने मत दिलं. म्हणजे बरगड्यांच्या मध्ये इंजेक्शनं देऊन तेवढीच जागा बधिर करायची, दोन बोटं जातील एवढा छेद द्यायचा, आत दुर्बीण सोडायची, पाणी काढायचं, तपासणीला तुकडा घ्यायचा. हे सगळं चालू असताना आपण कुशीवर पडून जागे. दिसत काहीच नाही, कारण तोंडासमोर हिरव्या कापडाचा आडोसा केलेला असतो. कापडाच्या पलीकडे डॉक्टर आणि आपली छाती. अलीकडे आपलं डोकं, आपला एक हात, आणि तो हात धरून स्टुलावर बसलेले मामा.

इस्पितळात स्ट्रेचर ढकलणाऱ्या कुणालाही मामाच म्हणतात. पण या इस्पितळात नुसतं "मामांना बोलवा" म्हटलं की हेच यायचे. बारीक, उंच, कानांवर पिकलेले केस, आणि चेहरा असा की त्यावरून काल काय झालं हेही कळू नये. टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला ते पाहुणे म्हणायचे, मग तो कुणी का असेना.

"पाहुणे, तीन खुणा लक्षात ठेवा," त्यांनी मला सुरुवातीलाच सांगितलं. "खोकला आला तर माझा हात एकदा दाबा, डॉक्टर थांबतील. दुखलं तर दोनदा, इंजेक्शन वाढवतील."

"आणि तीनदा?"

"तीनदा म्हणजे काही नाही. मी आहे का, एवढंच बघायचं. मी उलट एकदा दाबीन."

आत हवा शिरली, फुफ्फुस खाली बसलं आणि श्वास अर्ध्यावरून परत फिरायला लागला. तेव्हा मी ती तिसरी खूण सहा-सात वेळा वापरली. दर वेळी उलट एकदा दाबलं गेलं, लगेच. पुढे मला जरा धीर आला, आणि धीर आला की माझं तोंड सुटतं. कापडावर माझ्या नाकासमोरच एक ठिगळ होतं. टाके असे घट्ट, असे एकावर एक मारलेले, की कापड फाटेल पण ठिगळ निघणार नाही.

पलीकडून डॉक्टर म्हणाले, "आता दोन मिनिटं अजिबात हलायचं नाही. तुकडा घेतोय."

मी मामांना कुजबुजलो, "हे ठिगळ लावणारी बाई त्या दिवशी नवऱ्यावर भडकलेली असणार."

मामा तितक्याच हळू म्हणाले, "होती."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच तो नवरा."

झालं. मला हसू फुटलं. हसण्याचा खोकला झाला, खोकल्यासरशी निजलेलं फुफ्फुस उसळून दुर्बिणीवर आलं, आणि पलीकडे डॉक्टर एक असा शब्द बोलले जो त्यांच्या पदवीला शोभत नव्हता. आत कुठेतरी खरचटलं. रक्त आलं, दुर्बिणीची काच माखली. ती काढा, पुसा, दाबून धरा, थांबा, परत घाला. अर्ध्या तासाचं काम पावणेदोन तासांवर गेलं. मामा एवढा वेळ स्टुलावरून हलले नाहीत. माझा हातही त्यांनी सोडला नाही. फक्त दोन-तीन वेळा त्यांनी मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मला वाटलं, माणसाला भूक लागली असेल.

संध्याकाळी वॉर्डात मोठ्या सिस्टर माझ्या छातीतल्या नळीची बाटली तपासायला आल्या. बुडबुडे बघता बघता म्हणाल्या, "आज मोठा पराक्रम केलात तुम्ही."

"सॉरी म्हटलंय मी डॉक्टरांना."

"डॉक्टरांचं काय घेऊन बसलात. तुमच्यामागून शेवटची केस होती. दोन वाजले की ते थिएटर दुसऱ्यांना द्यावं लागतं. ती केस आज सोमवारची गुरुवारवर गेली. सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता बसली होती बिचारी. मामांची बायको."

आणि मग त्यांनी बाकीचं सांगितलं. मामींच्याही छातीत पाणी होतं. हृदय कमजोर, म्हणून त्यांचंही जागेपणीच करायचं होतं. ऑपरेशनला नातेवाईक आत नको हा नियम. पण डॉक्टरांनी मामांना शब्द दिला होता की सोमवारी मी आहे, तुम्हीच बसा तिच्या डोक्याशी. तेवढ्या एका अटीवर मामी तयार झाल्या होत्या. आणि गुरुवारी हे डॉक्टर परगावी जाणार होते.

पुढचे दोन दिवस मी त्या नळी-बाटलीसकट पडून होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मामांबद्दल विचारत होतो. इस्पितळात आजाऱ्याला दुसरा उद्योग नसतो आणि सिस्टरांना मामांबद्दल बोलायला आवडायचं.

मामा आधी सिनेमाच्या थिएटरात होते. सिनेमा सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्यांना बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवायची, कुणाच्या पायात पाय न अडकू देता. ते थिएटर बंद पडलं आणि ते या थिएटरात आले. पंधरा वर्षं स्ट्रेचर ढकललं. मग जागेपणीची ऑपरेशनं सुरू झाली, आणि पहिल्याच आठवड्यात एक दांडगा ट्रक ड्रायव्हर टेबलावरून उठून पळायला निघाला. त्याला धरायला मामांना आत घेतलं. मामांनी त्याला धरलं नाही. विचारलं, "पाहुणे, तुमच्या घराचं दार कुठल्या बाजूला उघडतं?" ड्रायव्हर गोंधळला. म्हणाला, आत, डावीकडे. "मग? आत गेल्यावर काय आहे?" असं करत मामांनी त्याला त्याच्याच घरात फिरवलं. कपाट, पलंग, मोरी, मागचं दार, दाराला टांगलेला टॉवेल. घर फिरून होईतो ऑपरेशन संपलं होतं.

तेव्हापासून बावीस वर्षं त्यांचं हेच काम. पगारपत्रकावर मात्र अजून स्ट्रेचरच. न बघितलेली शेकडो घरं त्यांना पाठ होती. कुणाचं कपाट दाराला आपटतं, कुणाच्या जिन्याची तिसरी पायरी हलते. माझ्याही घरात ते चपलांच्या रॅकपर्यंत पोचले होते, तेवढ्यात मला ठिगळ दिसलं.

तिसरी खूण मामींची. त्या इस्पितळाच्याच शिवणखोलीत कामाला होत्या, गाऊन शिवायचे, फाटलं-तुटलं सांधायचं. सुरुवातीला खुणा दोनच होत्या, थिएटरच्या भिंतीवर कागदावर छापून लावलेल्या. एकदा मामांनी घरी येऊन तक्रार केली की आज एक म्हातारी सारखी हात दाबत होती, ना खोकला, ना दुखणं. मामी मशीनवर होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कुणी आहे का बघत असेल. तेवढ्यासाठी पण एक खूण ठेवा की."

बुधवारी मी बाटली हातात धरून बायकांच्या वॉर्डात गेलो. मामी उशांना टेकून बसल्या होत्या. आडवं पडलं की दम लागायचा. मामा शेजारी स्टुलावर. मी माफी मागायचं वाक्य रस्त्यात तीनदा घोकलं होतं, पण मामींनी मला बोलूच दिलं नाही.

"तुम्हीच का ते... माझ्या ठिगळाला हसलेले?" दर चार शब्दांना त्या थांबत होत्या.

"मीच."

"भडकलेच होते मी त्या दिवशी. हे लोकांची घरं फिरून येतात... आणि मला सांगतात. आज एका स्वयंपाकघराला... दोन खिडक्या होत्या. मला एक नाही."

"एक आहे," मामा म्हणाले.

"ती खिडकी? तिच्यातून शेजारणीची भिंत दिसते." मग माझ्याकडे वळून, "उद्या म्हणतात... तुला आपलंच घर फिरवून आणतो. म्हटलं, अहो, दोन खोल्या. दोन मिनिटांत संपेल. उरलेला वेळ काय करणार?"

"हळू चालू," मामा म्हणाले.

मामी हसल्या आणि त्या हसण्याने त्यांना एवढा दम लागला की सिस्टर धावत आली. मी तिथून निघालो. त्या वॉर्डात कुणाला हसवण्याची माझी आता छाती नव्हती.

गुरुवारचे डॉक्टर तरुण होते. वागायला सभ्य आणि नियमाला पक्के. ते म्हणाले, "मामा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण आत काही झालं तर तुम्ही नवरा असाल, मामा नसाल. मला मामा लागतो." त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. आणि मामा तरी काय भांडणार? त्याच दारात उभं राहून त्यांनी बावीस वर्षं लोकांच्या आयांना, मुलांना, नवऱ्यांना सांगितलं होतं, तुम्ही बाहेर थांबा. सोमवारपर्यंत थांबायचं म्हटलं तर मामींना श्वास पुरत नव्हता.

तेव्हा मामींचा हात धरायला एक नवी सिस्टर बसली. मामांनी तिला सगळं समजावलं. मानेखाली उशी कशी द्यायची, हिचे पाय गार पडतात, पायांवर दुसरी चादर टाका, इंजेक्शनच्या आधी सांगा, नंतर सांगितलेलं हिला आवडत नाही. मी शेजारीच उभा राहून ऐकत होतो. मग दार बंद झालं आणि आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो, मध्ये माझी बाटली.

मामांनी उजवा हात बाकावर उताणा ठेवला होता, बोटं अर्धी मिटलेली. कुणाचा तरी हात त्यात असल्यासारखी. मी बाटलीतले बुडबुडे मोजत बसलो.

वीस मिनिटांत दार उघडलं. इतक्या लवकर उघडायला नको होतं. नवी सिस्टर बाहेर आली. मास्कच्या वरचे डोळे लाल झालेले.

"मामा, थांबवलं त्यांनी. त्या उठून बसायला लागल्या. दुर्बीण आत होती, काढावी लागली. पाणी निम्मंच निघालंय. तुकडा नाही घेता आला."

"दुखलं का तिला?"

"नाही. मी हात सोडला नव्हता हो. घट्ट धरला होता. त्यांनी तीनदा दाबला. मग परत तीनदा. कागदावर तर दोनच खुणा आहेत. मी म्हटलं शांत पडा, होत आलंय. तर जास्तच दाबायला लागल्या, आणि मग एकदम उठायलाच लागल्या."

मामांनी बाकावरचा हात उचलून मांडीवर घेतला.

"तुझी चूक नाही," ते म्हणाले. "कागदावर दोनच आहेत."

ती आत गेल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "उशीचं सांगितलं. चादरीचं सांगितलं. ते सांगावं लागतं, हेच माझ्या डोक्यात आलं नाही."

तुकड्याशिवाय रोग कुठला ते कळेना, आणि रोग कळल्याशिवाय औषध ठरेना. पुढच्या सोमवारी जुने डॉक्टर परत आले. म्हणाले, परत करू, मामा बसतील, मी बघतो कोण अडवतो ते. मामींनी नाही म्हणून मान हलवली. मामांनी समजावलं, सिस्टरांनी समजावलं, शेवटी डॉक्टर स्वतः खाटेवर बसून समजावून गेले. मामी एवढंच म्हणाल्या, "हात होता. माणूस नव्हतं. आता नको."

हे मला मोठ्या सिस्टरनी सांगितलं. तोवर मी घरी गेलो होतो. माझा तुकडा नीट निघाला होता, रिपोर्ट आला, औषधं लागू पडली, मी जिने चढायला लागलो, आणि आमची ही माझ्यावर पूर्वीसारखं ओरडायला लागली. मामी त्यानंतर दोन महिने आणि काही दिवस होत्या.

मी डॉक्टरांना एकदा विचारलं, त्या सोमवारी झालं असतं तर? ते म्हणाले, बहुधा फार फरक पडला नसता. बहुधा हा शब्द डॉक्टरांनी आमच्यासारख्यांसाठीच ठेवलेला असावा. मी तो घरी घेऊन आलो, पण रात्री अंगावर घ्यायला तो पुरत नव्हता.

मग मी मामांच्या घरी गेलो. पत्ता सिस्टरनी दिला. दार आत, उजवीकडे उघडत होतं. मामांनी मला बसवलं नाही. त्यांच्या सवयीने दारापासूनच सुरुवात केली.

"या. इथे चपला. हा पलंग. हे तिचं मशीन, आता झाकून ठेवलंय. हे कपाट, याचं दार ओढून लावावं लागतं. इकडे स्वयंपाकघर. ही खिडकी."

खिडकीतून शेजारणीची भिंत दिसत होती. खिडकीच्या कट्ट्यावर सुताची रिळं होती, दोन-तीन, सगळी हिरवी, एकात सुई खोचलेली.

"संपलं," मामा म्हणाले. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. "दोन मिनिटं. ती बरोबर म्हणत होती."

त्यांनी चहा केला. आम्ही तो प्यायलो. निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "बावीस वर्षांत आतल्या पाहुण्याला मी कधी हसवलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, मी बोलून गेलो."

मला म्हणायचं होतं की मामा, विचारलं मी होतं, हसलोही मीच. पण जिन्यात दुसऱ्या बिऱ्हाडाची माणसं उभी होती आणि मी भित्रा माणूस आहे. मी चपला घातल्या आणि उतरलो.

सात महिन्यांनी माझ्या डाव्या बाजूला पाणी झालं.

पुन्हा तेच टेबल, फक्त या वेळी दुसरी कूस. पुन्हा इंजेक्शनांची जळजळ, मग बरगड्यांवर कुणीतरी दुसऱ्याच्या घरातलं सामान हलवतंय असं वाटणारी ती बधिर ढकलाढकल. कापड समोर आलं. मी ठिगळ शोधलं. ते नाकासमोर नव्हतं, वरच्या कोपऱ्यात होतं, पण तेच होतं. टाके जागचे हलले नव्हते. भिंतीवरच्या कागदावर दोन छापील ओळींच्या खाली पेनाने तिसरी ओळ लिहिलेली होती. अक्षर मामांचं नव्हतं. त्या नव्या सिस्टरचं असावं.

मामा स्टुलावर येऊन बसले. केस आता सगळेच पांढरे झाले होते.

"पाहुणे, हात."

मी हात दिला. त्यांनी खुणा पुन्हा सांगितल्या, तिन्ही, एकही शब्द न गाळता, जणू मी पहिल्यांदाच आलो होतो. आत हवा शिरली. श्वास अर्ध्यावरून परत फिरायला लागला. मी तीनदा दाबलं.

उलट एकदा दाबलं गेलं. लगेच.

"दार उघडलं," मामा माझ्या कानाशी म्हणाले. "मागच्या वेळी आपण चपलांपाशी राहिलो होतो. रॅकच्या पुढे काय आहे?"

मला सांगायचं होतं, पुढे बैठकीची खोली आहे, तिथे एक खुर्ची आहे, तिचा एक पाय मी पुठ्ठा लावून सरळ केलाय. पण बोललो ते दुसरंच. सात महिने ते मी बरोबर घेऊन हिंडत होतो, आणि आता पळून जायला जिना नव्हता.

"मामा, तुम्ही मला माफ केलंत का?"

पलीकडे डॉक्टरांनी कसलं तरी हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. मामांचा हात माझ्या हातात होता तसाच राहिला. ना घट्ट झाला, ना सैल.

"नाही," ते म्हणाले. "खोकला आला तर एकदा दाबा."